दसरा काढताना कंबर का धरते?

पितृपंधरवडा सरत आला की मराठवाड्यात गल्लोगल्ली बायकांची एकच विचारपूस चालते, "झाला का दसरा काढून?" घटस्थापनेच्या आत घरातली झाडून सगळी गोधडी-वाकळ, चादरी, पडदे धुऊन वाळायला हवेत. माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरून, घासून परत वर जायला हवीत. गावात नदीला पाणी असेल तर धुण्याची गाठोडी काठावर जातात. शहरात नळाला ज्या दिवशी पाणी येईल तो दसऱ्याचा दिवस, आणि नळ रोज येत नाही म्हणून महिन्याभराचं धुणं एका सकाळीत उरकायचं. याच दिवसांत रानात सोयाबीन काढणीला आलेलं असतं. ते घरात येतंय तोवर कापूस फुटतो. दसऱ्यानंतर विसाव्या दिवशी दिवाळी, म्हणजे पुन्हा झाडलोट आणि वर फराळाची पातेली.

आणि मग कुणाची तरी कंबर धरते. कुणाला उसण भरते, कुणाच्या पाठीत चमक निघते. कशानं झालं म्हणून विचारलं तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, "काहीच नाही हो, तांब्या उचलायला वाकले अन् तशीच राहिले." ऐकणारे हसतात. पण तांब्यानं कंबर धरू शकते, आणि ती का धरते हे एकदा नीट कळलं की सणातली निम्मी दुखणी आधीच टाळता येतात.

तांब्याचा हिशेब

आपल्या कमरेत पाच मणके आहेत. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिच्या आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर आणि त्याभोवती चिवट तंतूंचे थरावर थर. मणक्यांच्या मागच्या बाजूनं लांब स्नायू जातात. आपण पुढं वाकलो की शरीर पुढं पडू नये म्हणून हे स्नायू मागून ओढून धरतात.

अडचण अशी की हे स्नायू मणक्याच्या फार जवळ आहेत, साधारण पाच सेंटिमीटरवर. उचललेली वस्तू मात्र हातभर पुढं असते. बैलगाडीत पोती कशी भरतात ते ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. पोतं चाकांच्या आखावर ठेवलं तर गाडी तोलात राहते. तेच पोतं पार मागच्या टोकाला ठेवलं की गाडी उलाळ होते आणि पुढं धुरा दाबायला दोन माणसं लागतात. पोत्याचं वजन तेवढंच, जागा बदलली. कमरेचंही तेच. दहा किलोची वस्तू कमरेपासून पन्नास सेंटिमीटर पुढं धरली तर मागच्या स्नायूंना तिच्या दहापट, म्हणजे शंभर किलोइतकी ओढ लावावी लागते. ती सगळी ओढ मधल्या गादीवर दाब होऊन बसते.

आता तांब्या. तो भरलेला असला तरी किलोभर. पण तांब्यासाठी वाकताना आपण डोकं, हात, छाती, पोट एवढं सगळं पुढं झुकवतो. साठ किलोच्या बाईच्या शरीराचा कमरेच्या वरचा भाग तीस किलोच्या आसपास भरतो, आणि वाकल्यावर त्या भागाचा तोल कमरेपासून वीतभर तरी पुढं जातो. म्हणजे हातात काही नसतानाही पाठीचे स्नायू शंभर-सव्वाशे किलोच्या ओढीनं काम करत असतात. दिवसातून पाच-दहा वेळा वाकलं तर शरीराला त्याचं काही वाटत नाही, ते त्यासाठीच बनलेलं आहे. दसरा काढायच्या दिवशी हे शेकड्यानं होतं. चार दिवस सोयाबीन कापलं, पाचव्या दिवशी धुणं, सहाव्या दिवशी भांडी. स्नायू थकत जातात, थकलेला स्नायू वेळेवर आवळत नाही, आणि एखाद्या बारीकशा हालचालीला भार कसा तरी वाकडातिकडा पडून तो ताणला जातो. तांब्या फक्त रांगेत शेवटी उभा होता.

या दाबाचं प्रत्यक्ष मोजमापही झालेलं आहे. १९९९ साली जर्मनीतल्या एका चमूनं एका निरोगी माणसाच्या कमरेच्या गादीत बारीक मापक बसवून दिवसभर नोंदी घेतल्या. उताणं निजल्यावर दाब ०.१ मेगापास्कल, सरळ उभं राहिल्यावर ०.५. रिकाम्या हातानं पुढं वाकल्यावर १.१. वीस किलोचं वजन पाठ गोल करून उचललं तेव्हा २.३, गुडघे वाकवून उचललं तेव्हा १.७. उचलून झाल्यावर तेच वजन अंगाशी कवटाळून धरलं तर १.१, आणि हात पुढं करून छातीपासून दोन फुटांवर धरलं तर १.८. एकाच माणसावरचा प्रयोग आहे, म्हणून आकडे डोळे झाकून आपल्याला लावायचे नाहीत. पण कल स्पष्ट आहे. "गुडघे वाकवा, पाठ नको" हे पोस्टरवरचं वाक्य आपण सगळ्यांनी वाचलंय. त्यात तथ्य आहे, पण वजन अंगाशी धरण्याचा फायदा त्याच्याइतकाच मोठा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला दर वेळी खाली बसून उठा म्हणणं तसंही जुलमाचंच.

अजून एक गोष्ट पोस्टरवाले सांगत नाहीत. कसं उचलावं याचं नुसतं शिक्षण देऊन पाठदुखी फारशी कमी होत नाही, असं कामगारांवरच्या अभ्यासांमध्ये दिसून आलेलं आहे. आणि त्यात नवल नाही. पद्धत कितीही बरोबर असली तरी वजन तेच, खेपा त्याच, दिवस तोच. खरा फरक पडतो तो वजन कमी केल्यानं, खेपा वाटून घेतल्यानं आणि काम चार दिवसांवर पांगवल्यानं.

ओली गोधडी

सगळ्या दसऱ्यात कमरेला सर्वांत महाग पडणारी वस्तू म्हणजे भिजलेली गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली वाकळ कोरडी असताना कुणीही काखेत मारून नेतं. पाण्यात भिजली की ती सहज तिप्पट जड होते, आणि घमेल्यातून किंवा टबातून काढताना ती कधीच अंगाजवळ नसते. बाई वाकलेली, हात लांब, गोधडी टबाच्या तळाशी चिकटलेली. वर ओढली की पाणी गळायच्या आधी ती सर्वांत जड असते. मग ती पिळायची. पिळताना कंबर वाकलेली असतेच, वर ती एका बाजूला वळते. वाकणं आणि वळणं एकाच वेळी, तेही वजन हातात असताना, हे गादीभोवतीच्या तंतूंना सर्वांत वाईट. तंतूंचे थर आलटून-पालटून तिरके असतात, त्यामुळं वळताना त्यातले निम्मे ताणले जातात आणि निम्मे सैल पडतात. सगळा भार ताणलेल्या निम्म्यांवर.

"मावशी, एकट्या कशाला पिळायलात? मला हाक मारायची."
"होतंय की गं. दोनच राहिल्यात."

त्या शेवटच्या दोनच घातक असतात, कारण तोवर स्नायू थकून गेलेले असतात.

उपाय फार अवघड नाहीत, फक्त थोडा धीर लागतो. गोधडी टबातून एकदम उचलू नका. आधी टब तिरका करून पाणी सोडून द्या, गोधडी टबातच तुडवून दाबा आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच निथळू द्या. टब जमिनीऐवजी धुण्याच्या दगडावर, ओट्यावर किंवा उलट्या घमेल्यावर ठेवला तर वाकणं निम्म्यावर येतं. गोधडी काढताना तिचं एक टोक आधी दगडावर ओढून घ्या, मग दुसरं, म्हणजे पूर्ण वजन हातात कधी येतच नाही. पिळायची झाली तर दोघी समोरासमोर उभ्या राहा, दोन टोकं पोटाशी धरा आणि पीळ मनगटांनी द्या. कंबर आणि पाय एकाच दिशेला. मुळात पिळलीच पाहिजे असंही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरचं आपल्याकडचं ऊन पाहता दोरीवर निथळत टाकलेली गोधडीही संध्याकाळपर्यंत वाळते. दोरी मात्र खांद्याच्या उंचीला असू द्या. टाचा उंचावून, हात वर करून ओलं वजन फेकायला लागलं तर कंबर सुटेल आणि खांदा धरेल.

माळ्यावरच्या भांड्यांचा नियम याहून सोपा. स्टुलावर चढलेल्या माणसानं भांडं घेऊन खाली उतरायचं नाही. एकानं वरून द्यायचं, दुसऱ्यानं खालून घ्यायचं. डब्यात धान्य असेल तर आधी वरच रिकामं करायचं. जड वस्तू खाली उतरवताना स्नायू लांब होत होत भार पेलत असतो, आणि अशा कामानंच तो सर्वांत जास्त दुखावतो.

वाकून, उकिडवं, आणि सकाळी सकाळी

जड उचललं नाही तरी कंबर धरते, अशी तक्रार अंगणात रांगोळी काढणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या, सोयाबीन कापणाऱ्या बायका करतात. त्यामागचं कारण वेगळं आहे. माणूस पूर्ण खाली वाकून राहिला की पाठीचे स्नायू चक्क काम सोडून देतात आणि शरीराचा भार मागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांवर लटकतो. म्हणून तर वाकून राहिलं की थोड्या वेळानं बरं वाटायला लागतं. पण अर्धा तास तसं राहिलं की त्या पट्ट्या हळूहळू ताणून सैल होतात आणि लगेच पूर्ववत होत नाहीत. उठल्या उठल्या जर जड पाटी उचलली तर ती सैल पडलेल्या कमरेनं उचलली जाते. उकिडवं बसल्यावरही पाठ अशीच गोल होते.

तेव्हा वाकून किंवा उकिडवं बसून काम करताना वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा उठायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा हलकेच मागं कलायचं, दोन-चार पावलं चालायचं. वाकल्या कामावरून उठून थेट वजनाला हात घालायचा नाही, मधे दोन मिनिटं जाऊ द्यायची. पाणी प्यायला उठलं तरी चालेल. सासू काय म्हणेल याची भीती असेल तर सासूलाच पाणी नेऊन द्यावं.

सकाळचा मुद्दा फार लोकांना माहीत नसतो. रात्रभर आडवं झाल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी ओढून घेतात आणि फुगतात. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरनं जास्त भरते ती त्यामुळंच. वर सांगितलेल्या जर्मन प्रयोगातही झोपेच्या सात तासांत गादीतला दाब ०.१ वरून ०.२४ पर्यंत चढलेला दिसला. फुगलेली गादी वाकायला ताठ असते, म्हणून उठल्यावरचा पहिला अर्धा-पाऊण तास कमरेसाठी नाजूक. आणि आपल्याकडं नळ येतो तो नेमका पहाटे! डोळे चोळत उठायचं आणि भरलेली घागर उचलायची. नळाची वेळ आपल्या हातात नाही. पण पहाटे मोठ्या घागरीऐवजी अर्ध्या कळशीनं पाणी भरता येतं, पाइप लावून थेट टाकी भरता येते, आणि भरलेलं पिंप इकडून तिकडं सरकवायचं काम तरी दहा वाजेपर्यंत थांबू शकतं.

डोक्यावर पाणी किंवा पाटी नेणं कमरेला तसं वाईट नाही, कारण वजन मणक्यांच्या बरोबर वर येतं, पुढं लटकत नाही. वेळ अमावस्येला आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन रानात जाणाऱ्याची कंबर बहुधा ठणठणीत असते. मात्र तो भार मान सोसते, आणि मानेत आधीपासून दुखत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तर डोक्यावर ओझं घेऊच नये. खरा धोका असतो तो मडकं डोक्यावर चढवताना आणि उतरवताना. तिथं दुसरा हात लागतोच.

फराळाचं एवढंच सांगण्यासारखं आहे की शंकरपाळे, करंज्या लाटायला जमिनीवर तीन तास मांडी घालून बसण्यापेक्षा ओट्यावर पोळपाट ठेवणं बरं. उभ्यानं करताना एक पाय जमिनीवर आणि दुसरा पाटावर ठेवा, थोड्या वेळानं पाय बदला. कमरेचा ताण लगेच हलका झाल्यासारखा वाटतो. चकलीचं पीठ घट्ट झालं तर सोऱ्यावर जोर लावत बसू नका, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. सोऱ्यानं कंबर धरत नाही, पण मनगट आणि खांदा धरतो, आणि खांद्याचं दुखणं कमरेपेक्षा चिवट असतं.

पुण्याहून आलेला मुलगा

आतापर्यंत झालं ते जास्त कामानं थकलेल्या कमरेचं. दुसरी एक कंबर असते, तिला वर्षभर काही कामच नसतं. हा मुलगा पुण्यात संगणकासमोर बसतो. दिवाळीला रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून लातूरला किंवा नांदेडला येतो, सकाळी चहा होतो न होतो तोच वडील म्हणतात, "आलायस तर ते लोखंडी कपाट सरकव जरा." तोही मागं हटत नाही, आईनं आपल्या डोळ्यांदेखत कपाट ओढावं हे त्याला पटत नाही. भावना चांगलीच आहे. पण दहा तास गोल पाठीनं बसून, गाडीचे हादरे खाऊन त्याच्या कमरेच्या पट्ट्या सैल झालेल्या आहेत आणि त्या वजनाची सवय स्नायूंना वर्षभर नाही.

अशा माणसानं आल्या दिवशी जड कामाला हात लावू नये, दुसऱ्या दिवशी लावावा. बसमध्ये ढाब्यावर गाडी थांबली की झोपेत असला तरी उतरून पाच मिनिटं चालावं. कपाट आधी रिकामं करावं. भरलेलं कपाट सरकवण्यात मर्दुमकी नाही, आळस आहे. ओढण्यापेक्षा ढकलावं, म्हणजे अंगाचं वजन कामी येतं. खाली जुनी सतरंजी किंवा पोतं सरकवलं की कपाट फरशीवरून घसरत जातं.

किती वजन एकट्यानं उचलावं याला अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संस्थेनं एक हिशेब बसवलेला आहे. वजन अंगाजवळ आहे, कमरेच्या उंचीवर आहे, वळायचं नाही, वारंवार उचलायचं नाही, पकड चांगली आहे, असं सगळं जमून आलं तर २३ किलो. यातलं एकेक बिघडलं की आकडा खाली येतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचं स्वतःचं वजन धरून भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो. म्हणजे तो तिरका करून बुडाच्या कडेवर फिरवत न्यायची वस्तू आहे. सोयाबीनचा भरलेला कट्टा तर पन्नास-साठ किलोचा. गड्याला सवय आहे म्हणून तो पाठीवर टाकतो, सवय नसलेल्यानं त्याच्याशी पैज लावू नये.

या मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबल्यासारखं होईल. मांड्या, दंड, पाठ दाबलं की दुखतात, जिना उतरताना ओरडतात. सवय नसलेल्या कामानंतर स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, तिचं हे दुखणं. ते दुसऱ्या दिवशी सुरू होतं, एक ते तीन दिवसांत टिपेला जातं आणि आठवड्याभरात आपोआप जातं. हलकं फिरत राहिलं की लवकर मोकळं होतं. पण काम करता करताच एका जागी कळ आली, ती जागा बोटानं दाखवता येते, सूज किंवा काळंनिळं दिसतं, तर स्नायू खरोखर ताणला किंवा फाटलाय असं समजावं आणि त्या भागाला काही दिवस जोराचं काम देऊ नये.

कोजागरीला पायी तुळजापूरला निघणाऱ्यांचंही हेच. सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. एरवी दुकानापर्यंतही गाडीवर जाणाऱ्यानं निदान पंधरा दिवस आधीपासून चालायला लागावं, नाहीतर देवीच्या दारात पोटऱ्या गोळा होऊन बसतात.

धरलीच तर

पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नका. कंबर धरल्याचं दुखणं भयानक असलं तरी बहुतेकांच्या बाबतीत त्यामागं कुठलाही गंभीर आजार नसतो आणि काही आठवड्यांत ते पुष्कळ कमी होतं. जगात २०२० साली ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. इतक्या सगळ्यांचे मणके सरकलेले नसतात.

दुसरी गोष्ट, अंथरूण धरू नका. आपल्याकडं कंबर धरली की घरचे बाजेवर टाकतात आणि "हलू नको" म्हणतात. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर याचा अभ्यास झाला. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, बाकीच्यांना दुखणं सोसवेल तेवढी रोजची कामं चालू ठेवायला सांगितली. सर्वांत लवकर बरे झाले ते हे तिसरे. झोपून राहिलेले सर्वांत मागं पडले. तेव्हा पहिला दिवस थोडं पडा, पण तास-दीड तासानं उठून घरातल्या घरात चाला. अर्थात रोजची कामं म्हणजे उरलेल्या गोधड्या नव्हेत. त्या दुसऱ्या कुणीतरी धुवायच्या.

शेक द्यायला हरकत नाही. गरम पाण्याची पिशवी असो की तव्यावर गरम केलेलं फडकं, उबेनं आवळलेला स्नायू सैल होतो. मधुमेहामुळं बधिरपणा असेल तर मात्र पोळण्याची भीती, तिथं दुसऱ्यानं हात लावून बघावं. तेल लावून हलक्या हातानं चोळलं तरी बरं वाटतं. पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घेण्याची चाल अजून गावागावात आहे. ती लागू पडते असं लोक शपथेवर सांगतात, आणि मला त्यांच्या शपथेवर शंका नाही. बहुतेक उसण चार-आठ दिवसांत जातेच, पायाळू तिसऱ्या दिवशी बोलावलेला असतो, श्रेय त्याला मिळतं. पण हाडं ठिसूळ झालेल्या म्हातारीच्या कमरेत मारलेली लाथ, ती कितीही हलकी असो, मणका पिचवू शकते.

गोळीचं म्हणाल तर, साध्या पॅरासिटामॉलचा ताज्या कंबरदुखीवर औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त उपयोग होत नाही, असं २०१४ साली ऑस्ट्रेलियात १६०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत दिसलं. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोड्या कामाच्या आहेत, पण त्या मूत्रपिंडाला, पोटाला आणि रक्तदाबाला बाधू शकतात. मेडिकलवरून "कमरेची गोळी द्या" म्हणून पाच-पाच दिवस घेत राहणं धोक्याचं, विशेषतः साखर, दाब किंवा रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर.

मग येतो एमआरआय, आणि त्यासोबत "मणक्यात गॅप पडलाय" हे वाक्य. हे वाक्य ऐकून लोक आयुष्यभर वाकायला घाबरतात. २०१५ साली जगभरातल्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. कंबर दुखत नसलेल्या माणसांचे फोटो त्यात पाहिले, तर विशीतल्या ३० टक्के लोकांच्या आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या गाद्या बाहेर आलेल्या होत्या, आणि त्यांना काही त्रास नव्हता. वयानं केस पांढरे होतात तशा गाद्याही जुन्या होतात. फोटोत दिसलेली गोष्टच दुखण्याचं कारण आहे असं त्यामुळं गृहीत धरता येत नाही. पुढं ज्या खुणा सांगतो त्या नसतील तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआयची सहसा गरज पडत नाही.

कमरेचा पट्टा सण काढायला म्हणून बांधत असाल तर त्यानं दुखणं टळतं असा भरवशाचा पुरावा नाही. व्यायामानं मात्र टळतं. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत नेलेला चालण्याचा कार्यक्रम आणि थोडं मार्गदर्शन दिलं. ज्यांना काही दिलं नव्हतं त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं ११२ दिवसांत उलटलं, चालणाऱ्यांतल्या निम्म्यांचं उलटायला २०८ दिवस लागले. रानात राबणाऱ्या बाईला चालायला सांगणं हास्यास्पद आहे, तिला विश्रांती हवी. पण शहरातल्या घरात, दुकानात, शाळेत, कचेरीत बसणाऱ्यांनी पोळ्यापासून रोज अर्धा तास चालायला लागलं तर दसऱ्यापर्यंत कंबर कामाला तयार होते.

आणि काम वाटायचं ते असं की एका दिवशी फक्त धुणं, दुसऱ्या दिवशी फक्त भांडी, मधे एक दिवस हलक्या कामाचा, आणि घरात दोन धडधाकट पुरुष असतील तर ओल्या गोधड्या त्यांच्याकडं. दसरा बायकांनीच काढावा असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही.

हे दिसलं तर सण थांबवा

काही खुणा मात्र उसण म्हणून अंगावर काढायच्या नसतात. कंबरदुखीसोबत लघवी अडली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, किंवा मांड्यांच्या मधली, बसायची जागा बधिर झाली, तर मज्जातंतूंचा गठ्ठा दाबला गेलेला असू शकतो. त्यात तासांचा हिशेब असतो, सकाळची वाट बघू नये. पायातली ताकद कमी होत चालली, चालताना पाऊल फरफटायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. म्हातारं माणूस घसरून पडल्यावर कंबर धरली असेल तर आधी हाड मोडलेलं नाही याची खात्री करा.

दुखणं पाच-सहा आठवड्यांहून जुनं, रात्री झोपेतून उठवणारं, सोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि घटत जाणारं वजन असेल तर मणक्याच्या टीबीची तपासणी करायला सांगा. आपल्या देशात तो काही दुर्मीळ नाही. आधी कर्करोग होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. कुशीतून जांघेकडं लाटांसारखी येणारी कळ आणि मळमळ ही बहुधा मुतखड्याची. आणि पाठीच्या वरच्या भागात दुखत असताना छाती भरून आली, घाम फुटला, तर ती पाठ समजून चोळत बसू नका, १०८ ला फोन लावा.